मुलगी, शाळेतलं शौचालय आणि सिस्टिम्स थिअरी

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, पेपरात सिस्टिम्स थिअरीवर, म्हणजे व्यवस्था सिद्धांतावर, प्रश्न आला की उत्तरं झकास येतात. व्याख्या, वैशिष्ट्यं, गोलात गोल काढलेली आकृती, सगळं असतं. त्याच मुलांच्या फिल्डवर्कच्या नोंदी उघडल्या की वेगळंच दिसतं. ‘मुलगी शाळेत वारंवार अनुपस्थित. पालकांचे दुर्लक्ष. आईचे समुपदेशन केले.’ परीक्षेत चार पानं पुरून उरलेली व्यवस्था वस्तीत पोचेपर्यंत एकट्या आईवर येऊन थांबलेली असते.

मुलं ढ असतात असं मुळीच नाही. हा सिद्धांत शिकवताना शब्दांतच इतका अडकतो की त्याचा उपयोग काय, हे सांगायचं राहूनच जातं. म्हणून इथे शब्द कमी ठेवतो आणि एक केस नीट उलगडून पाहतो. समाजकार्याशी संबंध नसलेल्या वाचकालाही ती कळावी.

आधी सिद्धांताचा गाभा. नागपूरकरांसाठी तो कूलरमध्ये आहे. कूलरमध्ये पंखा असतो, पंप असतो, पाण्याची टाकी असते, खसच्या ताट्या असतात. हे सगळे भाग जमिनीवर मांडून ठेवले तर हवा गार होत नाही. ते एकमेकांना ठरावीक रीतीने जोडले की होते. म्हणजे गारवा कुठल्याच एका भागात नाही, तो जोडणीत आहे. आता तोच चालू कूलर खोलीची सगळी दारं-खिडक्या लावून ठेवा. थोड्या वेळात खोली दमट होते आणि अंग चिकचिकायला लागतं. कूलर बिघडलेला नाही, हवेला बाहेर जायला वाट नाही. आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, राजासारखा वाटणारा हा कूलर जुलैत पावसाळी हवेत निकामी वाटतो. यंत्र तेच आहे, भोवतालची हवा बदलली. भाग, त्यांची जोडणी, आतबाहेरची हद्द आणि भोवताल, सिद्धांताचं सामान एवढंच. पंप खरंच जळला असेल तर पंपच बदलावा लागतो, हेही लक्षात असू द्यावं. त्याकडे पुढे येऊच.

ही कल्पना समाजकार्यात जन्मलेली नाही. लुडविग फॉन बर्टालन्फी हा ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ. सजीवाचा एकेक भाग सुटा करून पाहिला तर सजीव कळत नाही, शिवाय तो भोवतालाशी सतत देवाणघेवाण करत असतो, म्हणजे खुली व्यवस्था असतो, अशी त्याची मांडणी. त्याचं ‘जनरल सिस्टिम थिअरी’ हे पुस्तक १९६८ चं. समाजकार्यात माणसाला परिस्थितीसकट पाहायची परंपरा त्याआधीची आहे. मेरी रिचमंड यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ १९१७ मध्ये आलं, त्यात शेजारी, मालक, शाळा, नातेवाईक या सगळ्यांकडून माहिती कशी घ्यायची याचा सविस्तर विचार आहे. मधल्या काळात फ्रॉइडच्या प्रभावाने केसवर्क, म्हणजे एकेका व्यक्तीसोबतचं समाजकार्य, माणसाच्या मनात खोल शिरलं आणि घराबाहेरचं थोडं विसरलं. सत्तरच्या दशकात व्यवस्थेच्या विचाराने ते पुन्हा बाहेर काढलं.

आपल्या शहरात तर हे सिद्धांताविनाच घडत होतं. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला तो बायकांची बाळंतपणं नीट व्हावीत म्हणून. पुढे काम वाढत वाढत समाजकार्याच्या शिक्षणापर्यंत गेलं. बाळंतपणाचा प्रश्न हाती घेतला की तो एकटा येत नाही. मागोमाग बाकीचे प्रश्न दार वाजवतातच.

आता केस. ही कुण्या एका मुलीची गोष्ट नाही, अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी जोडून तयार केलेली आहे. मुलीला आरती म्हणू.

आरती आठवीत आहे, उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत राहते. घरी आई, वडील, आजी, लग्नाची आत्या आणि धाकटा भाऊ. वडील कर्जावर घेतलेली ई-रिक्षा चालवतात. आई दोन घरी पोळ्या करते. आरतीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न. म्हणजे आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेलं. दोघंही एएस, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले वाहक, त्यांना स्वतःला काही त्रास नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. विदर्भात, विशेषतः अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही ओबीसी समाजांत हा आजार बराच आढळतो, त्यामुळे ‘पॅटर्न’ हा शब्द इथल्या वस्त्यांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आरती महिन्यातून चार-सहा दिवस शाळेत नसते. कधी गुडघे, कधी पाठ इतकी दुखते की रडून रडून झोपते. एकदोनदा मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरतीही झाली. वर्गशिक्षिकेचं मत: नाटकं करते, गृहपाठ झाला नाही की पोट दुखतं. आजीचं मत: शाळा सोडवा, घरी राहील. डॉक्टरांचं मत: पाणी भरपूर पी, गोळ्या चुकवू नको. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागेवरून बरोबरच वाटतं. या प्रत्येकाला आपल्या हद्दीतलं तेवढंच दिसतं आहे, हीच खरी अडचण.

इथे इकोमॅप कामाला येतो. अ‍ॅन हार्टमन या अमेरिकन समाजकार्यकर्तीने १९७५ च्या सुमारास बालकल्याणाच्या कामासाठी ही पद्धत मांडली. मोठ्या कागदाच्या मध्यभागी एक गोल, त्यात घरातली माणसं. भोवती दुसरे गोल: शाळा, दवाखाना, वडिलांची रिक्षा आणि तिचा हप्ता, आई काम करते ती घरं, मामाचं घर, बौद्ध विहार, बचत गट, आशाताई (वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती). मग रेषा. घट्ट नातं असेल तर जाड रेषा, नावापुरतं असेल तर तुटक, भांडणाचं असेल तर नागमोडी. आणि बाण. बळ कुणाकडून कुणाकडे जातं ते बाणांनी दाखवायचं. आई आणि ती पोळ्या करते ती घरं यांच्यात बाण दोन्हीकडे जाईल. हप्त्याच्या रेषेवर तो फक्त घरातून बाहेर जाईल.

हा नकाशा ऑफिसात बसून काढला तर त्याला कवडीची किंमत नाही. तो आईजवळ बसून, तिच्या हातात पेन देऊन काढायचा. आई विहाराकडे सगळ्यांत जाड रेषा ओढते. तिथल्या दोघीतिघींनी आरतीच्या भरतीच्या वेळी डबा पोचवला होता, हे केसपेपरवर कुठेच नसतं. शाळेकडे जाणारी रेष काढताना ती थांबते. विचारलं तर म्हणते, “मॅडम, ते शाळेत पानीच पेत नाही. पानी पेलं का लगवीले जा लागते, अन् तिथं दाराले कडीच नाही.”

या एका वाक्यात सगळी केस आहे.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे वेदनेचा झटका येतो. त्याला इथे सगळे क्रायसिसच म्हणतात. शरीरातलं पाणी कमी झालं की हे जास्त होतं. कडाक्याची थंडी, ताप, अति दमणूक यांनीही होतं. त्यात भर म्हणजे या आजारात मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे पाणी जास्त लागतं आणि लघवीलाही जास्त वेळा जावं लागतं. आता शाळेकडे पाहा. मुलींच्या शौचालयाच्या दाराला कडी नाही, तास चालू असताना बाहेर सोडत नाहीत, मधल्या सुट्टीत रांग. तेरा वर्षांची मुलगी यावर जो तोडगा काढेल तोच आरतीने काढला आहे: सकाळी घरून निघाल्यापासून पाणी प्यायचं नाही. एप्रिलमध्ये, नागपुरात, सकाळच्या शाळेतून अकरा-बाराच्या उन्हात चालत घरी. संध्याकाळी पाय दुखायला लागतात. मग दोन दिवस गैरहजर. परत गेली की बाई सगळ्यांसमोर बोलतात. मग तिला बाईंकडे बाहेर जायची परवानगी मागायची भीती आणखी वाढते. मग पाणी आणखी कमी.

यालाच व्यवस्थेच्या भाषेत फीडबॅक म्हणतात. एका गोष्टीचा परिणाम फिरून तिच्याच मुळाशी येतो आणि तिला वाढवतो किंवा आवरतो. इथला फेरा वाढवणारा आहे. या फेऱ्यात दोषी शोधायला गेलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. फेरा नेमका कुठे तोडता येतो, हे शोधलं तर मात्र उत्तर हाताशी सापडतं: दाराची कडी आणि बाहेर जायची कायम परवानगी. आईचं समुपदेशन या फेऱ्यात कुठेच बसत नाही. आईला सगळं माहीत आहे.

कडीने सिकलसेल बरा होत नाही, हे वेगळं सांगायला नको. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक अ‍ॅसिड, नियमित ओपीडी आणि ताप आला की घरी न थांबणं हे चालूच राहायला हवं. पण औषध घेणारी मुलगी दिवसाचे सहा तास कोरड्या घशाने बसत असेल तर औषधालाही मर्यादा येते.

मग शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सरळ सांगून टाकावं की मुलीला सिकलसेल आहे? नवखा कार्यकर्ता हेच करतो. आणि घर त्याच्यासाठी बंद होतं.

कारण शाळेला आजार माहीत नाही, तो माहीत होऊ दिलेला नाही. आत्याचं लग्न ठरायचं आहे. भाचीचा पॅटर्न बाहेर आला की आत्याबद्दल प्रश्न येणार, ही आजीची भीती. म्हणून डोळे पिवळे दिसले की कावीळ म्हणायचं, पाय दुखले की वाढीचं वय म्हणायचं. अशी गुपितं घराचा तोल सांभाळत असतात. कुठलीही व्यवस्था आपला तोल टिकवायला धडपडते आणि बाहेरून कुणी ढकललं की जोर लावून जागेवर येते. फाइलमध्ये याला ‘कुटुंबाचे असहकार्य’ म्हणतात. माझ्या मते हा शब्द नोंदींमधून हद्दपार करायला हवा. घर नाही म्हणतं तेव्हा ते काहीतरी राखत असतं. ते काय आहे, हे आधी विचारावं.

विचारलं की वाट निघते. डॉक्टरांकडून अशी चिठ्ठी घेता येते की या विद्यार्थिनीला वैद्यकीय कारणाने वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवणं आणि लागेल तेव्हा शौचालयात जाणं आवश्यक आहे, उन्हात कवायत किंवा धावणं देऊ नये. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. शाळेला काम करण्यापुरती माहिती मिळते, घराचं गुपित घरात राहतं. आत्याशी स्वतंत्र बोलायचं, ते वेगळ्या दिवशी. तिची तपासणी झालेली नसेल तर ती करून घ्यायची. एएस निघाली तरी ती आजारी नाही, जोडीदार एए, म्हणजे सदोष जनुक नसलेला, असेल तर मुलं एसएस होत नाहीत. एवढी माहिती तिच्या हाती लग्नाआधी असणं हा तिचा हक्क आहे, भाचीच्या केसचं शेपूट म्हणून ते उरकू नये.

कागदपत्रांचाही असाच विचार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि सिकलसेल त्यांत आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघालं तर परीक्षेपासून पुढच्या शिक्षणापर्यंत काही सवलती मिळू शकतात. अनेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. पण कार्ड म्हणजे आजाराची जाहीर नोंद. ते काढायचं की नाही आणि कधी, हा निर्णय घराने घ्यायचा, आपण दोन्ही बाजू सांगायच्या. कार्ड काढून दिल्याचा आकडा आपल्या मासिक अहवालात छान दिसतो, म्हणून घाई होते. अहवालाचा तो रकाना हासुद्धा व्यवस्थेचाच भाग आहे, आणि त्याला चिकटलेले आपणही.

या सगळ्या पसाऱ्यात काम नेमकं वाटायला मला सर्वांत उपयोगी वाटते ती अ‍ॅलन पिंकस आणि अ‍ॅन मिनाहन या अमेरिकन समाजकार्य-अभ्यासकांची १९७३ ची मांडणी. ते चार गट पाडतात. बदल घडवू पाहणारा, म्हणजे कार्यकर्ता आणि त्याची संस्था. ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्या संमतीने काम चाललंय ते, म्हणजे क्लायंट. ज्यांच्यात बदल व्हायला हवा ते, म्हणजे टार्गेट. आणि ज्यांना सोबत घेऊन काम करायचं ते. यातली खरी मेख दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात आहे. क्लायंट आणि टार्गेट एकच असतील असं नाही. आरती आणि तिची आई क्लायंट आहेत. बदलायचं आहे ते शाळेचं वागणं आणि शौचालयाचं दार. आईच्या नावाने फाइल उघडली म्हणून आईलाच दुरुस्त करत बसायचं, ही सवय हा एक फरक ध्यानात घेतला तरी सुटते.

चौथ्या गटासाठी इकोमॅपकडे परत पाहायचं. विहारातल्या बायका आहेत, आशाताई आहे, मेडिकलमधले समाजसेवा अधीक्षक आहेत. आणि शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. विहारातली एखादी बाई समितीवर असतेच, नसली तर तिच्या ओळखीची असते. कडीचा विषय तिने मांडला तर तो सगळ्या मुलींचा विषय होतो, आरतीचं नाव येतच नाही. खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती मिळणार नाही, तिथे मुख्याध्यापकांशी बोलण्याचा दुसरा रस्ता काढावा लागेल. मुक्काम एकच, तरी तिथे जाणाऱ्या वाटा अनेक असतात, हेही या सिद्धांताचंच म्हणणं आहे.

यूरी ब्रॉनफेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञाचे, मुलाचा भोवताल दाखवणारे गोलात गोल समाजकार्याच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, त्यामुळे इथे थोडक्यात. १९७९ च्या त्यांच्या मांडणीतलं एकच सांगतो. मुलगी जिथे कधी पाऊलही टाकत नाही तिथल्या गोष्टी तिच्यावर परिणाम करतात. आरती फायनान्स कंपनीच्या ऑफिसात कधी गेलेली नाही. पण रिक्षा एक दिवस उभी राहिली तर हप्ता चुकतो, म्हणून ओपीडीला वडील येत नाहीत, आईलाच सुट्टी घ्यावी लागते, आणि तिची सुट्टी जमली नाही त्या महिन्यात गोळ्या संपतात. काळाचा धागाही विसरू नये, तो त्यांनी नंतर जोडला. आरती आठवीत आहे. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र आठवीपर्यंतच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा ती कदाचित वेगळ्या शाळेत असेल, वेगळ्या बाईंसमोर.

आता जळालेल्या पंपाबद्दल.

सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे, असं म्हणत राहिलं की कुणाचीच जबाबदारी उरत नाही. घरात नवरा बायकोला मारतो, तिथे ‘ती बोलते म्हणून तो चिडतो, तो चिडतो म्हणून ती बोलते’ असा फेरा काढत बसणं हा अन्याय आहे. कुटुंब-उपचारातल्या या फेऱ्यांवर स्त्रीवादी अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकात सडकून टीका केली ती यासाठीच. मारणारा मारतो. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, संरक्षण अधिकारी आणि बाईची सुरक्षितता आधी. नकाशा नंतर कधीतरी, किंवा कधीच नाही.

दुसरा आक्षेप मला याहून मोठा वाटतो. हा सिद्धांत तोलाच्या, जुळवून घेण्याच्या भाषेत बोलतो. माणूस आणि भोवताल यांचा मेळ बसला की भागलं. पण भोवतालच अन्यायाचा असेल तर? मेळ बसवणं हेच ध्येय धरलं, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात बाबासाहेबांनी आणि लाखो माणसांनी जे केलं ते या आकृतीत बसवायचं कुठे? त्यांनी त्या व्यवस्थेशी मेळ नाकारला आणि तिच्यातून बाहेर पडले. इकोमॅपवर रेषा जाड, तुटक, नागमोडी अशा काढता येतात. कुणाच्या हातात किती सत्ता आहे, हे मात्र त्या रेषा आपण होऊन सांगत नाहीत. आरतीच्या बाई वर्गात ‘नाटकं’ म्हणतात तेव्हा त्या कोणत्या मुलींना असं म्हणतात आणि कोणत्या मुलींना म्हणत नाहीत, हे कार्यकर्त्याला वेगळं विचारावंच लागतं.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. ढिगाने केसेस अंगावर असताना एवढं कुणी करायचं? इकोमॅपला तासभर लागतो, आणि तो प्रत्येक केसला लागत नाही. रेशनकार्डावर नाव चढवायचं असेल तर नाव चढवून द्यावं. दोनदा समुपदेशन करूनही तीच केस तिसऱ्यांदा टेबलावर आली, की मग कागद काढावा.

आणि फाइल बंद करण्याआधी पाहायचं ते हे: आपण नसताना या जोडण्या टिकतील का? नववीत नवी शाळा असली तर चिठ्ठी नव्याने लागणार. ती कुठल्या ओपीडीत, कुठल्या वारी, कुणाला भेटून मिळेल, हे आईजवळ कागदावर लिहिलेलं असावं, आणि कागद हरवला तर विचारायला आशाताईचा नंबर आईच्या फोनमध्ये असावा.